बैल कोर्टात, घोडा क्लबात

चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास फिरतो. ‘बैलगाड्याला नावं ठेवणाऱ्यांनो, हिंमत असेल तर आधी महालक्ष्मीचं रेसकोर्स बंद करून दाखवा.’ खाली अंगठ्यांची रांग लागते. यंदा पुण्यात शिकणाऱ्या गावातल्याच एका पोरीनं त्याखाली लिहिलं, ‘दोन्ही बंद करा. जनावरं आपल्या करमणुकीसाठी जन्माला येत नाहीत.’ मग जे व्हायचं तेच झालं. कुणी तिला विचारलं, मटण खातेस का; कुणी तिच्या आज्याच्या दावणीच्या खोंडांची आठवण काढली. दोन दिवसांनी ती ग्रुप सोडून गेली. सगळं वाचताना मला एकच जाणवत होतं, की ज्याच्या नावानं हे पेटलं तो घोडा यातल्या कुणाच्याच डोळ्यांसमोर नाही. एका बाजूला तो बैलाची ढाल म्हणून हवा होता, दुसऱ्या बाजूला तत्त्वाला दाखला म्हणून.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. रेसकोर्सकडे बोट दाखवणाऱ्याची तक्रार खरी आहे, पण त्यातून तो काढतो तो निष्कर्ष चुकीचा आहे. बैलाला एक न्याय आणि घोड्याला दुसरा, हा भेदभाव आहेच. तो मिटवायचा तर बैलगाडावाल्यांना कोर्टात उभं करून जे जे विचारलं गेलं, ते सगळं रेसच्या घोड्याबद्दलही विचारायला हवं. घोड्याला कुणी विचारत नाही म्हणून बैलालाही विचारू नका, हे उलटं गणित झालं.

भेदभाव किती आहे ते बघा. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली आणि ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई आहे त्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकडांच्या पंगतीला बैल नेऊन बसवला. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टानं जल्लीकट्टूबरोबर, म्हणजे तमिळनाडूतल्या बैल आवरण्याच्या खेळाबरोबर, बैलगाड्याही थांबवल्या. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी माणसांचा समुद्र जमला, तमिळनाडूनं कायदा बदलला, पाठोपाठ महाराष्ट्रानं बदलला. पण मुंबई हायकोर्टानं त्याच वर्षी पुन्हा मनाई केली. मग बैलाला पळता येतं की नाही यावर राज्य सरकारला तज्ज्ञांचा अहवाल करून घ्यावा लागला. (पिढ्यान् पिढ्या बैल पळताना बघणाऱ्यांनी हे वाचून हसावं की रडावं?) १६ डिसेंबर २०२१ ला तात्पुरती वाट मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडू या तिन्ही राज्यांचे कायदे मान्य केले. या नऊ वर्षांत बैलाच्या अंगाचा एक कोपरा तपासायचा राहिला नाही. शेपूट पिरगाळतात का, चावतात का, बैल पळतो तो हौसेनं की भीतीनं, धाव किती मीटरची, मध्ये विसावा किती, डॉक्टर हजर कोण. आज नियमानं धाव १००० मीटरच्या आत हवी, काठी-चाबूक लावायचा नाही, विजेचा झटका द्यायचा नाही. मोडलं तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद.

आता घोडा. तोही सुप्रीम कोर्टात गेलेला आहे, पण कशासाठी? १९९६ चा मद्रासच्या रेस क्लबचा खटला गाजला तो घोड्यावर पैसे लावणं हा जुगार की कौशल्य, या प्रश्नावर. कोर्टानं कौशल्य ठरवलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून रेसच्या पूर्ण बोलीवर २८ टक्के जीएसटी लागला तेव्हा पुन्हा चर्चा झाली ती पैशाचीच. महालक्ष्मीचं मैदान १८८३ पासूनचं. त्याचा भाडेपट्टा २०१३ ला संपला आणि पुढची अकरा वर्षं मुंबईत त्यावरून रान उठलं. मोकळी जागा राहणार की बांधकाम होणार, मैदान चालवणाऱ्या क्लबाचे सभासद किती, शहराला काय मिळणार. अखेर २११ एकरांतले १२० एकर शहराच्या बागेसाठी आणि ९१ क्लबाकडे, अशी वाटणी झाली. त्या काळात निवेदनं निघाली, सभा झाल्या, मतदान झालं. त्यात घोड्याच्या हाडांचा विषय कुणी ऐरणीवर आणल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे घोडा सार्वजनिक वादात येतो तो नोट म्हणून नाहीतर सातबारा म्हणून.

हे असं का होतं, याचं उत्तर जुनं आहे. इंग्लंडमध्ये १८३५ साली कायदा झाला आणि बैलावर कुत्रे सोडण्याचे, कोंबड्यांच्या झुंजींचे खेळ बंद पडले. ते गिरणीतल्या, खाणीतल्या माणसांचे खेळ होते. घोड्यावर बसून, कुत्र्यांचा ताफा घेऊन कोल्ह्याची शिकार करायचे ते जमीनदार. त्यांच्या खेळाला कायद्याचा हात लागायला २००४ साल उजाडलं. मध्ये १६९ वर्षं गेली. कोल्ह्याला या काळात कमी दुखत होतं का? मुंबईनंही हेच केलं. जून २०१५ मध्ये हायकोर्टानं शहरातल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात गुंडाळायला सांगितल्या. घोडागाडीवाला गरीब, त्याचं संघटन तोकडं. त्याचा धंदा एका याचिकेत आटोपला. तिथून काही किलोमीटरवर फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी डर्बी धावते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात टोप्यांचे फोटो येतात. गावाकडच्या माणसाला हे दिसत नाही असं समजू नका. त्याचा संताप मला मान्य आहे, किंबहुना तो माझाही आहे.

पण इथेच गाडी घसरते. व्हिक्टोरियाच्या घोड्याचे हाल खोटे नव्हते. डांबरी रस्ता, उन्हातलं ताटकळणं, अंधारे तबेले हे मुंबईकरांनी डोळ्यांनी बघितलेलं होतं. श्रीमंताचा घोडा सुटला म्हणून गरिबाच्या घोड्याचं दुखणं कमी होत नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या विधेयकाची आठवण इथे काढावीशी वाटते. (मुलीची आणि जनावराची तुलना करत नाही, वाद कसा वळवला जातो तेवढंच दाखवतोय.) मुलीच्या, ती विवाहित असली तरी, शरीरसंबंधाला संमतीचं वय दहावरून बारावर न्यायचं, एवढंच ते होतं. टिळकांसारख्या माणसानंही विरोध केला तो मुख्यतः परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालू नये म्हणून. सरकार परकं होतं, त्याचा अधिकार संशयास्पद होता, हे सगळं खरं. पण कायदा कुणी करायचा याची चर्चा इतकी रंगली की अकरा वर्षांच्या पोरीचं काय होतं ते मागेच पडलं. आज ‘आम्हाला शिकवणारे तुम्ही कोण’ म्हणणाऱ्याचा प्रश्न योग्य असेल, तरी त्यानं बैलाच्या पाठीवरचा वळ पुसला जात नाही.

रेसच्या बाजूनं जे बोललं जातं त्यातलं सगळ्यात वजनदार वाक्य म्हणजे, घोडा पळण्यासाठीच जन्माला येतो. बैलाचं शरीर पळण्यासाठी नाही, घोड्याचं आहे, हा फरक २०१४ च्या निकालातही डोकावतो. त्यात तथ्य आहे. मोकळ्या रानात सोडलेलं शिंगरू कारण नसताना उधळतं, ते बघून कुणाचंही मन हरखतं. पण रानातला घोडा पाय दुखला की थांबतो. रेसमधल्या घोड्याला थांबायचं की नाही हे पाठीवर बसलेला ठरवतो. साडेचारशे-पाचशे किलोचं अंग ताशी साठ किलोमीटरच्या वेगात असताना दर ढांगेला एक क्षण असा येतो की सगळा भार एकाच पुढच्या पायावर असतो. त्या पायात गुडघ्याखाली स्नायू नाहीतच. हाड, शिरा, कातडं आणि खूर. तिथे हाड फुटलं की रक्तपुरवठा तोकडा म्हणून जुळायला वेळ लागतो, घोडा आठवडे-महिने आडवा पडून राहू शकत नाही, उभा राहिला तर भार दुसऱ्या पायावर येऊन तो खुरातून नासतो. म्हणून ज्या दुखापतीतून कुत्रं तीन पायांवर जगतं, तिच्यात घोड्याला मरणाचं इंजेक्शन दिलं जातं. शिवाय थरोब्रेड जातीचा घोडा मैदानात उतरतो तो बरेचदा दोन वर्षांचा असतानाच, सांगाडा पुरता भरायच्या आधी. बैलगाडावाल्यांनी लगेच खूश होऊ नये. दुधाचे दात न पडलेल्या ‘आदत’ खोंडांचा वेगळा गट लावून, त्याला वेगळं बक्षीस ठेवून मैदानं भरवतो ते आपणच.

चाबकाचंही तसंच. घोड्याचं कातडं जाड, त्याला फटका टाळीसारखा वाटतो, असं रेसवाले वर्षानुवर्षं सांगत आले. २०२० मध्ये सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्याचं आणि माणसाचं कातडं सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवलं, तर वेदना टिपणाऱ्या नसांच्या दाटीत म्हणावा असा फरक निघाला नाही. नॉर्वेनं घोडा पळवण्यासाठी चाबूक मारणं १९८२ मध्येच बंद केलं. तिथे रेस बंद पडली नाही. ब्रिटननं २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची मर्यादा घातली; ती चार फटक्यांनी ओलांडली तर जिंकलेला घोडाही बाद. आपल्याकडे घाटात, म्हणजे बैलगाड्याच्या धावपट्टीवर, काठी लागली तर कायदा मोडतो, आणि रेसमध्ये शेवटच्या दोनशे मीटरला चाबूक निघाला की समालोचकाचा आवाज चढतो. घाटात काठी खरंच थांबली का, हे मला विचारू नका. तुम्ही यात्रेला जाता, तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरा मुद्दा याहून अवघड आहे. रेसच्या घोड्याची बडदास्त बघितली तर तक्रारीला तोंड राहत नाही. मापाचा खुराक, दारात डॉक्टर, अंगाला खरारा, एकेका घोड्यामागे सांभाळणारा मोतद्दार. माथेरानच्या चढावर दिवसभर पर्यटक वाहणारं तट्टू किंवा वीटभट्टीवरचं गाढव यांना विचारलं तर ते लगेच जागा बदलतील. वरातीतल्या घोडीचं तर नावच काढू नका. डीजेच्या भिंतीसमोर, फटाक्यांच्या धुरात, नाकपुड्या फुलवून उभी असते, आणि तिच्या पाठीवर बसलेला नवरदेव एरवी प्राणीप्रेमाचे व्हिडिओ पुढे ढकलणारा असतो. शिवाय रेस बंद झाली तर मोतद्दार, नालबंद, रायडिंग बॉय यांच्या चुली विझतील, जातिवंत घोड्याची पैदासच थांबेल, हेही खोटं नाही. ट्रॅक्टर आल्यावर खिल्लार टिकलं त्यात शर्यतीचा वाटा आहे, हे तर मी स्वतः मानतो.

पण ही बडदास्त असते कुठपर्यंत? घोडा जिंकतो तोवर, किंवा जिंकेल अशी आशा असते तोवर. थरोब्रेड पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो; त्यातली मैदानातली वर्षं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. उरलेलं आयुष्य कुठे जातं? पुण्याला याचं एक उत्तर चांगलं माहीत आहे. पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे सीरम काढण्यासाठी मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि मग हे काम आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आजही सर्पदंशावरची लस बनते ती घोड्याच्या रक्तातून. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचं विष थोडं थोडं टोचून घोड्याच्या अंगात उतारा तयार करतात. ‘जनावर माणसाच्या उपयोगासाठी नाहीच’ म्हणणाऱ्या माझ्या गावच्या पोरीला मी हेच विचारलं असतं. बांधावर फुरसं चावलेल्या बाईला तालुक्याच्या दवाखान्यात जी कुपी टोचतात, ती नको म्हणशील का? नाही म्हणणार. म्हणजे उपयोग सरसकट पाप नाही. कशासाठी, किती त्रासाच्या मोबदल्यात, आणि त्रास मोजतंय कोण, हे प्रश्न शिल्लक राहतात. सर्पदंशाच्या तराजूत घोड्याचं रक्त बसतं. जॅकपॉटच्या तराजूत त्याचा पाय बसतो का, हे ज्याचं त्यानं सांगावं; पण निदान तराजू तरी समोर ठेवा.

मोजण्यावर मी एवढा का अडून बसलोय? कारण जिथे रेसबद्दल लोकांचं मत हललं, तिथे ते मोजलेल्या आकड्यांनी हललं. ब्रिटनमध्ये रेसमधल्या घोड्यांच्या दर हजार धावांमागे साधारण दोन घोडे मरतात, हे तिथली रेसची संस्थाच जाहीर करते. कॅलिफोर्नियात सांता अनिता मैदानावर डिसेंबर २०१८ ते जून २०१९ या एका हंगामात ३० घोडे गेले. प्रत्येकाची नोंद बाहेर आली म्हणून बोंब झाली आणि २०२० मध्ये अमेरिकेला रेसच्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कायदा करावा लागला. ऑस्ट्रेलियात मेलबर्न कपमध्ये २०२० साली एक नामांकित घोडा गेला, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या घोड्यांचे पाय सीटी स्कॅनखाली घातल्याशिवाय त्यांना उतरवत नाहीत. आपल्या कुठल्या रेसकोर्सच्या फाटकावर किंवा कुठल्या घाटाच्या कमानीवर ‘या हंगामात इतकी जनावरं जायबंदी, इतकी गेली’ असा फलक तुम्ही वाचलाय?

आंदोलनांबद्दलही आपण अर्धवट बोलतो. १५ एप्रिल २०२३ ला लिव्हरपूलजवळ एन्ट्री नावाच्या मैदानात प्राणिहक्कवाले कुंपण ओलांडून घुसले, ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत सुमारे पाव तास अडली, ११८ जणांना अटक झाली. शर्यत सुटली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन नावाचा घोडा मान मोडून मेला. त्याच्या ट्रेनरनं दोष आंदोलकांना दिला, खोळंब्यानं घोडे बिथरले म्हणाला. हा आरोप हसण्यावारी नेऊ नये. जनावर वाचवायला गेलेल्या माणसामुळे जनावर बिथरत असेल, तर त्यानं त्याचं उत्तर द्यायला हवं. पण पुढच्या वर्षी त्याच मैदानावर घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आणली, पहिला अडथळा अलीकडे आणला, एकाची उंची कमी केली, आणि २०२४ च्या त्या शर्यतीत एकही घोडा पडला नाही. गोंधळ घालणाऱ्यांना शिव्या देत देतच आयोजकांनी वेग आणि गर्दी कमी केली होती. २०२५ मध्ये पुन्हा एक घोडा शर्यतीनंतर कोसळला आणि काही दिवसांनी गेला, म्हणजे काम संपलेलं नाही. गंमत बघा, ४ जून १९१३ ला इंग्लंडमधल्या एप्समच्या डर्बीत एमिली डेव्हिसन बायकांच्या मताधिकारासाठी राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली, तेव्हा अनेकांना हळहळ वाटली ती जॉकीची आणि घोड्याची. तीही तेव्हा माथेफिरूच ठरली होती.

उलट बाजूही आहे. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं २०१६ मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींवर एका फटक्यात बंदी जाहीर केली आणि त्याच वर्षी मागे घेतली, कारण खेड्यापाड्यातला माणूस म्हणाला की शहराला आमचंच तेवढं दिसतं. ओळखीचं वाटतं ना? आणि सिंगापूर, मकाव इथली रेस २०२४ मध्ये बंद झाली ती कुठल्या मोर्चानं नव्हे. सिंगापूरला घरांसाठी जमीन हवी होती, मकावला धंदा परवडेना. महालक्ष्मीचा शेवट झालाच तर तोही असाच होईल असं मला वाटतं. घोड्यासाठी कुणी काही केल्याचं त्यात नसेल, आणि त्या दिवशी तबेल्यात उभ्या घोड्यांचं काय करायचं याचा कागद कुणाकडेही नसेल.

काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या हट्टाखातर रेस बघायला गेलो होतो. कुठलं मैदान ते सोडा. तिसऱ्या की चौथ्या रेसला लांबच्या वळणावर एक घोडा मागे पडला, तीन पायांवर लंगडत उभा राहिला. एक गाडी गेली, हिरवा पडदा धरला गेला. शेजारचा पंटर, म्हणजे पैसे लावणारा, पुस्तकात बोट घालून पुढच्या रेसचे आकडे बघत होता. मी त्याला विचारलं, त्या घोड्याचं काय झालं असेल? तो चिडला नाही, हसलाही नाही. ‘माझा नव्हता,’ म्हणाला. गाडी परतली तेव्हा पुढचे घोडे पॅडॉकमध्ये, रेसआधी फिरवतात त्या आवारात, फिरत होते.

यंदाच्या यात्रेत मुद्दाम घाटावर गेलो. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडी पळते, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. बारी, म्हणजे त्यांची धाव, होऊन गेली होती. मालक बैलांच्या पाठीवरून ओलं फडकं फिरवत होता, नातू एका बैलाच्या कपाळावरचा भंडारा सारखा करत होता. मालकानं मला प्रत्येक बैलाचं नाव, वय, कुठल्या बाजारातून किती लाखांना आणला, कोणाचा खुराक काय, सगळं न विचारता सांगितलं. त्याचं प्रेम खरं होतं, त्यात मला शंका नाही. थोडं पलीकडे बाभळीला घोडी बांधली होती. छातीला फेस, मागचा एक पाय उचलून धरलेला. मी म्हटलं, आणि ही? तिचं वय काय?

त्यानं मान वळवून बघितलं. ‘ती होय? ती भाड्याची आहे,’ म्हणाला, आणि पुन्हा फडकं पिळायला लागला.